परदेशात मानसशास्त्राची पदवी: अर्जापासून डेझर्टेशनपर्यंत

परदेशात जाऊन मानसशास्त्र शिकायचं ठरवलेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "विद्यापीठ कुठलं चांगलं?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर तिसरा. त्याआधी दोन प्रश्न सुटायला हवेत. ही पदवी घेऊन नेमकं काय काम करायचंय, आणि ते कुठल्या देशात करायचंय? मी हा रस्ता परदेशी विद्यार्थिनी म्हणून चालून आले आहे. आता नव्या मुलांचे अर्ज वाचून देते, तेव्हा दिसतं की पुढची निम्मी डोकेदुखी या दोन प्रश्नांना बगल दिल्यामुळे झालेली असते.

१. सुरुवात शेवटाकडून करा

एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या. नुसत्या पदवीवर कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. पदवी ही पहिली पायरी आहे, आणि पुढच्या पायऱ्या प्रत्येक देशात वेगळ्या आहेत.

ब्रिटनमध्ये ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी, म्हणजे बीपीएस, पदवी अभ्यासक्रमांना मान्यता देते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम किमान लोअर सेकंड, म्हणजे २:२ श्रेणीत पूर्ण केला की 'जीबीसी' ही पात्रता मिळते. पुढच्या व्यावसायिक प्रशिक्षणाचं दार तिच्याशिवाय उघडत नाही. त्यानंतर क्लिनिकलसाठी तीन वर्षांची डॉक्टरेट आणि एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी. ऑस्ट्रेलियात पदवीची तीन वर्षं, चौथं ऑनर्सचं वर्ष आणि त्यापुढे सहसा दोन वर्षांची मास्टर्स अशी साखळी आहे. तिथे अभ्यासक्रमांना मान्यता एपॅक ही संस्था देते. 'सायकॉलॉजिस्ट' हा शब्दच कायद्याने राखीव आहे, नोंदणी नसताना तो नावापुढे लावता येत नाही. अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देतं आणि स्वतंत्र प्रॅक्टिससाठी सहसा डॉक्टरेट लागते. तिथली एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते, पदवीच्या नाही. म्हणून एखादं अमेरिकन विद्यापीठ 'आमची बॅचलर पदवी एपीए मान्यताप्राप्त' अशी जाहिरात करत असेल, तर तिथून काढता पाय घ्या. जर्मनीने १ सप्टेंबर २०२० पासून मानसोपचारतज्ज्ञांसाठी नवा कायदा आणला. पदवीत आणि मास्टर्समध्ये कुठले विषय किती हवेत, हे त्यात ठरवून दिलं आहे.

आता सापळे. पहिला सापळा असा की मान्यता विद्यापीठाला नसते, अभ्यासक्रमाला असते. एकाच विद्यापीठात साधी 'सायकॉलॉजी' मान्यताप्राप्त आणि शेजारची 'सायकॉलॉजी अँड अमुक' जोडपदवी मान्यता नसलेली, असं होऊ शकतं. कधी जोडपदवीला मान्यता असते, पण ठरावीक पर्यायी विषय घेतले तरच. माहितीपत्रकावर विसंबू नका. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीत अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव शोधा.

दुसरा सापळा त्याहून महाग पडतो. शिकायचं एका देशात आणि काम करायचं दुसऱ्या, असा बेत असेल तर ज्या देशात काम करायचंय तिथल्या परवाना संस्थेचे नियम आज वाचा. पदवी तीन वर्षांची चालते का? ऑनलाइन विषय चालतात का? सुपरव्हिजनखालच्या कामाचे तास कुठे झालेले हवेत? उत्तर सापडत नसेल तर संस्थेला ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

क्लिनिकलकडे जायचंच नसेल तर हा सगळा ताण निम्म्यावर येतो. युजर रिसर्च, बाजार संशोधन, मनुष्यबळ, शिक्षण, धोरण या क्षेत्रांत मान्यतेपेक्षा तुम्हाला डेटा हाताळता येतो का, हे जास्त पाहिलं जातं.

२. शिकायला काय असतं, ते आधी पाहून घ्या

बीए की बीएससी यावर मुलं फार डोकं घालतात. नावावरून फारसं कळत नाही. अभ्यासक्रमाचं पान उघडून संख्याशास्त्राचे आणि संशोधनपद्धतींचे विषय मोजा. कुठल्याही बऱ्या अभ्यासक्रमात ते दरवर्षी असतात. बाकीचा गाभा साधारण सगळीकडे सारखाच: जैविक, बोधनिक, विकासात्मक, सामाजिक, व्यक्तिभेद, आणि विषयाचा इतिहास. फ्रॉइडसाठी आलेल्यांना तो एखाद-दोन व्याख्यानांत भेटतो आणि निघून जातो. विषयाची पहिली प्रयोगशाळा १८७९ साली लाइपझिगमध्ये विल्हेल्म वुंटने उभी केली. पदवीचा खरा वारसा तिथला आहे, कोचावरचा नाही.

पहिल्या वर्षाचं एक नेहमीचं काम सांगते, म्हणजे कल्पना येईल. स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग पुन्हा करायला देतात. पडद्यावर 'लाल' हा शब्द निळ्या रंगात येतो. शब्द वाचायचा नाही, रंग सांगायचा. जीभ अडखळते. शब्द आणि रंग जुळतात तेव्हा किती मिलिसेकंद लागले आणि जुळत नाहीत तेव्हा किती, हे वर्गातल्या सगळ्यांचं मोजतात. इथपर्यंत मजा असते. मग तीच आकडेवारी सॉफ्टवेअरमध्ये भरायची, जोडीची टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी) लावायची, पी-मूल्य (खरा फरक नसताना असा निकाल येण्याची शक्यता) आणि परिणामाचा आकार लिहायचा आणि प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष, चर्चा या साच्यात अहवाल द्यायचा. गुण बहुतेक पद्धत आणि चर्चेवर जातात. 'माणसाचं मन किती गुंतागुंतीचं आहे' अशा वाक्याला शून्य गुण, वर समासात एक प्रश्नचिन्ह.

हे वाचून पोटात गोळा आला असेल तर घाबरू नका, पण विषय का निवडतोय याचा आणखी एकदा विचार करा. शाळेत गणित बेताचं असलेली कितीतरी मुलं यात छान तरतात, कारण इथे आकडेमोड सॉफ्टवेअर करतं. कुठली चाचणी का लावली, हे मात्र तुम्हाला सांगता यायला हवं.

३. देश, विद्यापीठ आणि तारखा

*ब्रिटन.* अर्ज यूकॅस या सामाईक प्रवेश यंत्रणेतून, जास्तीत जास्त पाच पर्याय आणि सगळ्यांना एकच पर्सनल स्टेटमेंट. २०२६ च्या प्रवेशापासून ते सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांच्या उत्तरांत लिहायचं असतं, एकूण मर्यादा ४,००० अक्षरांची. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, बाकीच्या बहुतेकांची जानेवारीत. ऑक्सफर्डमध्ये पदवीचं नाव 'एक्स्पेरिमेंटल सायकॉलॉजी' आहे, केंब्रिजमध्ये 'सायकॉलॉजिकल अँड बिहेवियरल सायन्सेस'. नुसतं 'सायकॉलॉजी' शोधाल तर हाती लागणार नाही. इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार.

*अमेरिका.* इथे प्रवेश सहसा विषयाला नसतो, कॉलेजला असतो. मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर केला तरी चालतं. त्यामुळे निबंध मानसशास्त्रावरच हवा असं नाही. किंबहुना नसलेलाच बरा.

*नेदरलँड्स.* इंग्रजीतून शिकवणारे चांगले विभाग आहेत, पण मानसशास्त्राच्या बऱ्याच अभ्यासक्रमांच्या जागा मर्यादित असतात. अशा ठिकाणी अर्जाची मुदत १५ जानेवारी. ती चुकली की वर्ष गेलं. निवड चाचणीत अनेकदा एखादं प्रकरण वाचायला देऊन त्यावरच प्रश्न विचारतात. आणखी एक खाच आहे. पहिल्या वर्षी ६० पैकी ठरावीक क्रेडिट मिळाले नाहीत तर विद्यापीठ तुम्हाला त्या अभ्यासक्रमातून काढू शकतं. शिवाय पदवी इंग्रजीत झाली तरी रुग्णांसोबतचं काम डच भाषेत चालतं, हे मनात ठेवा.

*ऑस्ट्रेलिया.* प्रवेश सहसा वर्षातून दोनदा, फेब्रुवारी-मार्च आणि जुलैच्या सुमाराला. ऑनर्सचं चौथं वर्ष आपोआप मिळत नाही. त्याच्या जागा गुणांवर भरतात आणि चुरस मोठी असते.

*कॅनडा.* इथेही पुढे संशोधनात जायचं तर डेझर्टेशनसह, म्हणजे संशोधन प्रबंधासह, ऑनर्स हवा. त्यात कधी शिरायचं याचा नियम विद्यापीठागणिक बदलतो.

*जर्मनी.* सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क फारसं नाही, हे ऐकून सगळ्यांचे डोळे चमकतात. पण मानसशास्त्राची पदवी जवळजवळ सगळीकडे जर्मनमधून असते आणि प्रवेशाची गुणमर्यादा कडक असते. भाषा सी-वन, म्हणजे प्रगत, पातळीला नेण्याची तयारी नसेल तर हा पर्याय यादीतून काढा.

४. कागदपत्रं

एक फोल्डर करा आणि ही सगळी त्यात ठेवा:

- पासपोर्ट, अभ्यासक्रम संपेपर्यंत मुदत असेल तर उत्तम
- शालेय गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, लागल्यास शपथेवरच्या भाषांतरासह
- इंग्रजीची चाचणी: मानसशास्त्राला आयल्ट्समध्ये साधारण ६.५ ते ७ मागतात आणि बऱ्याचदा लेखनासाठी वेगळा किमान आकडा असतो
- गणित किंवा विज्ञान शिकल्याचा पुरावा, काही विभाग तो आवर्जून मागतात
- शिक्षकांची शिफारसपत्रं
- स्टेटमेंट किंवा निबंध
- पैशांचा पुरावा आणि प्रायोजक असल्यास त्याचं पत्र
- देशानुसार आरोग्य तपासणी, विमा, टीबीची चाचणी

इंग्रजीच्या चाचणीचा निकाल साधारण दोन वर्षं चालतो. फार लवकर देऊन ठेवू नका. आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आज बघा. व्हिसाच्या खिडकीवर ते शोधून काढण्यात काही गंमत नाही.

५. स्टेटमेंट

"मला लहानपणापासून माणसांच्या मनाचं कुतूहल होतं." हे वाक्य लिहिलं असेल तर खोडा. निवड समितीने ते सकाळपासून बऱ्याचदा वाचलेलं असतं. स्वतःच्या किंवा घरातल्या आजारपणाची कहाणी लिहायला हरकत नाही, पण ती तिथेच संपली तर उपयोग नाही. तिच्यातून कुठला प्रश्न पडला आणि त्यासाठी काय वाचलंत, ते हवं.

मला आवडलेली स्टेटमेंट्स अशी असतात: एक नेमका प्रश्न, त्यावर वाचलेला एखादा अभ्यास आणि त्या अभ्यासाबद्दल स्वतःची शंका. उदाहरणार्थ, २०१५ साली 'सायन्स' नियतकालिकात एक मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला. त्यात मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम ३६ टक्क्यांत सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय निकाल पुन्हा मिळाला. हे का झालं असावं, यावर दोन परिच्छेद धड लिहू शकणारा विद्यार्थी गर्दीत वेगळा दिसतोच.

६. व्हिसा आणि पैसे

व्हिसाचे आकडे बदलत राहतात, म्हणून भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळच उघडा. तरी रचना माहीत असलेली बरी. ब्रिटनला विद्यापीठाकडून 'कॅस', म्हणजे प्रवेशाची खात्री देणारा क्रमांक लागतो. पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात आणि मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. शिवाय आरोग्य अधिभार सगळ्या वर्षांचा आगाऊ भरायचा असतो. विद्यार्थ्यांना तो वर्षाला ७७६ पौंड आहे, आणि घरच्या हिशेबात नेमका हाच विसरला जातो. अमेरिकेसाठी विद्यापीठाकडून आय-२० हा पात्रतेचा फॉर्म येतो. व्हिसाच्या शुल्काखेरीज सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंद-प्रणालीचं ३५० डॉलर शुल्क वेगळं. ऑस्ट्रेलियासाठी सीओई, म्हणजे प्रवेश निश्चितीचं पत्र, आणि पूर्ण मुदतीचा आरोग्य विमा. नेदरलँड्समध्ये निवास परवान्याचा अर्ज विद्यापीठच करतं.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी आय-२० वरचा सहा आकडी सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक, डोळ्यांत तेल घालून वाचावा. सर्वसाधारण मानसशास्त्राचा कोड ४२.०१०१. प्रायोगिक आणि संशोधनपर शाखांचे कोड ४२.२७ ने सुरू होतात आणि ते स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या, यादीत आहेत. पदवीनंतर मिळणाऱ्या एका वर्षाच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिने जोडता येतात की नाही, ते या कोडवर ठरतं. एकाच विभागातल्या दोन पदव्यांचे कोड वेगळे असू शकतात, म्हणून मेजर जाहीर करण्याआधी विचारा. ब्रिटनमध्ये पदवीनंतर राहण्याची मुदत दोन वर्षांची होती. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना ती दीड वर्षच मिळेल.

७. पहिलं सत्र

पहिल्याच महिन्यात बहुतेक विभागांत कळतं की तुम्हाला इतरांच्या प्रयोगांत सहभागी व्हायचंय आणि त्याचे क्रेडिट मिळतात. नोंदणी बऱ्याचदा सोना नावाच्या प्रणालीवर असते. हे काम सत्राच्या शेवटावर टाकू नका. तेव्हा सोपे अभ्यास संपलेले असतात आणि उरतो तो डोक्याला जेल लावून दोन तास बसवणारा ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची मोजणी. खरं तर तोच आधी करावा, शिकायला जास्त मिळतं.

साधनं फुकटात जमतात. विद्यापीठ एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर देतं, पण सोबत आर ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला लागा. जास्प आणि जमोवी ही त्याच कामाची सॉफ्टवेअरं सुरुवातीला सोपी पडतात. संदर्भांसाठी झोटेरो पहिल्या आठवड्यात बसवा. संदर्भ एपीए शैलीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे द्यायचे असतात, आणि स्वल्पविरामाच्या जागेवरून गुण कापणारे शिक्षक असतात.

वाङ्मयचौर्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं पाठ करून लिहिणं ही ज्या शिक्षणपद्धतीत हुशारी मानली जाते तिथून तुम्ही येत असाल, तर इथे त्याच गोष्टीवर चौकशी बसते. शब्द इकडचे तिकडे करूनही चालत नाही. पुस्तक मिटा, आपल्या शब्दांत लिहा, मग संदर्भ द्या. मैत्रिणीशी मिळून आकडेवारी चालवायला परवानगी असली तरी अहवाल मिळून लिहायला सहसा नसते.

आणि सायकोपॅथॉलॉजीचा, म्हणजे मानसिक विकारांचा, विषय सुरू झाला की वर्गातल्या निम्म्यांना आपल्यात निदान तीन विकार तरी सापडतात. सगळ्या पिढ्यांना सापडतात. लक्षण असणं आणि विकार असणं यात कालावधी, तीव्रता आणि रोजच्या जगण्यावरचा परिणाम यांचा फरक आहे, तो नीट वाचा. मात्र झोप, जेवण, वर्ग हे खरोखर बिघडत चाललं असेल तर विद्यापीठाच्या समुपदेशन सेवेत लवकर नाव घाला, रांग लांब असते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला लाज वाटते, 'मलाच जमत नाही म्हणजे काय'. तिथले लोक या वाक्याला सरावलेले आहेत.

८. अनुभव, आणि त्यातली व्हिसाची मेख

पुढच्या शिक्षणाला अनुभव लागतोच: प्रयोगशाळेत मदतनीस, हेल्पलाइन, शाळा, काळजीगृह. स्थानिक विद्यार्थी सरळ अर्ज करतात. तुम्ही आधी व्हिसाची अट बघा. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. बिनपगारी काम त्यात धरलं जाणार नाही असं समजू नका. ठरलेली जबाबदारी आणि बांधील तास असतील तर ते कामच धरतात. स्वयंरोजगार तर अजिबात चालत नाही, त्यामुळे शिकवण्या घेऊन पैसे कमावण्याचा बेत सोडा. अमेरिकेत कॅम्पसबाहेरची इंटर्नशिप, भले ती श्रेयांकासाठी असो, आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या परवानगीआधी सुरू करू नका. ऑस्ट्रेलियात मर्यादा पंधरवड्याला ४८ तासांची आहे.

लहान मुलं किंवा असुरक्षित व्यक्तींसोबत काम असेल तर पोलिस पडताळणी लागते आणि मूळ देशातूनही प्रमाणपत्र मागू शकतात. त्याला आठवडे जातात. निघण्याआधीच एक काढून ठेवलंत तर पुष्कळ धावपळ वाचते, फक्त त्याची मुदत तपासा.

सगळ्यात चांगला अनुभव प्रयोगशाळेतला, आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही. प्राध्यापकाचा एक शोधनिबंध वाचा, त्यावर दोन ओळींचा खरा प्रश्न लिहा, आठवड्याला किती तास देऊ शकता ते सांगा. ईमेल तेवढाच.

९. डेझर्टेशन

शेवटच्या वर्षातला हा प्रकल्प ब्रिटनमध्ये जीबीसीसाठी उत्तीर्ण व्हावाच लागतो, दुसऱ्या विषयातले गुण इथे कामी येत नाहीत. मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा तो भेटायला वेळ देतो का, हे वरच्या वर्गातल्यांना विचारा.

परदेशी विद्यार्थ्याच्या हाती इथे एक चांगलं पान असतं. २०१० साली हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिक्षित, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही समाजांतल्या लोकांवर बेतलेले आहेत, आणि हे लोक बऱ्याच बाबतीत जगाच्या मानाने अपवादच आहेत. तुम्हाला दुसरी भाषा आणि दुसरा समाज आतून माहीत आहे, तर प्रश्न तिथून काढा.

पण उत्साहाच्या भरात दोन गोष्टी विसरू नका. नैतिक मंजुरी मिळाल्याशिवाय एकही उत्तर गोळा करायचं नाही. आधी गोळा करून मागून मंजुरी घेतली तर तो डेटा बाद होतो. दुसऱ्या देशातल्या लोकांना विचारणार असाल तर तिथलीही परवानगी लागेल का, ते अर्जातच लिहा. प्रश्नावलीचं भाषांतर स्वतः बसून केलं एवढ्याने भागत नाही. दुसऱ्याकडून ते उलट मूळ भाषेत आणून ताडून पाहावं लागतं, आणि भाषांतरित मापन विश्वासार्ह आहे का हेही दाखवावं लागतं. याला दीड-दोन महिने सहज लागतात. शक्यतो आधीच भाषांतर होऊन तपासलेली प्रश्नावली शोधा. सहभागी किती हवेत याचा हिशेब जी-पॉवर या सॉफ्टवेअरवर आधी करा. 'मिळतील तेवढे' हे उत्तर तोंडी परीक्षेत टिकत नाही.

१०. विद्यापीठाचं खातं बंद होण्याआधी

पदवी मिळाली की काही महिन्यांत विद्यापीठाचा ईमेल बंद होतो आणि त्यासोबत बरंच काही जातं. त्याआधी प्रत्येक विषयाची सविस्तर अभ्यासक्रमपत्रिका, व्याख्यानांचे तास, प्रात्यक्षिकांचे तास आणि मूल्यमापनाची पद्धत पीडीएफमध्ये उतरवून घ्या. पुढे दुसऱ्या देशातली परवाना संस्था नेमकं हेच मागते, आणि तोवर विभागाने अभ्यासक्रम बदललेला असतो. अधिकृत गुणपत्रिकेच्या दोन-तीन सीलबंद प्रती काढा. जिथे अनुभव घेतलात तिथून तास लिहिलेलं, सहीशिक्क्याचं पत्र घ्या. शिफारस देणाऱ्या प्राध्यापकांना तुमचा कायमचा ईमेल पत्ता कळवा, आणि त्याच मेलमध्ये डेझर्टेशनची एक प्रत जोडा. पुढे कधीतरी शिफारस लिहायला बसल्यावर त्यांना तुम्ही कोण ते त्यावरून आठवेल.